झीज आणि त्याग

गीझर दोन प्रकारे गळतो. एक गळणं चांगलं असतं, दुसरं वाईट. घरात मात्र आपण बहुतेक वेळा चांगल्या गळण्यावर वैतागतो आणि वाईट गळण्याची चाहूलही आपल्याला लागत नाही.

चांगलं गळणं सेफ्टी व्हॉल्व्हचं. पाणी २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापलं की सव्वादोन टक्क्यांच्या आसपास फुगतं. १५ लिटरच्या टाकीत हे फुगणं जवळपास एक तृतीयांश लिटर भरतं. टाकी बंद असते. पाण्याला मागे पाइपात जायची वाट नसली, की तेवढं पाणी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर येतं. भिंत ओली होते म्हणून तिथे बूच मारणारी माणसं असतात. गळती थांबते खरी, पण दाब आतच राहतो, आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅटही बिघडला तर टाकी फुटते.

वाईट गळणं खुद्द टाकीचं. गेल्या डिसेंबरात आमच्या धुळ्याच्या घरी, देवपुरात, ते झालं. पारा एक आकडी होता आणि मी वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आले होते. प्लंबरकाकांनी गीझर उतरवला, खालची प्लेट खोलली आणि आतून एक गंजकी तार काढून माझ्या हातात दिली. तारेला चार पांढरे कण चिकटलेले.

“हा दांडा होता, ताई. नवा असतो तेव्हा अंगठ्याएवढा जाड. हा संपला, मग टाकीला लागलं.”

“डाग देऊन नाही का चालणार, भाऊ?” आईने विचारलं.

नाही चालणार. टाकीला आतून काचेसारखा थर असतो, वेल्डिंगच्या आचेने तोच उडतो. टाकी भंगारात गेली.

तो दांडा मॅग्नेशियमचा असतो. त्याचं पुस्तकी नाव सॅक्रिफिशियल ॲनोड. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत यावर हमखास प्रश्न यायचा. टाकीच्या आतल्या थराला बारीक तडे असतात आणि तिथे पोलाद थेट पाण्याला भिडतं. मॅग्नेशियम पोलादापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतं, म्हणून पाणी आधी त्याला खातं. दांडा आहे तोवर टाकी वाचते. आमच्याकडे बोअरचं क्षारांचं पाणी, त्यात तो आणखी लवकर संपतो. दर एक-दोन वर्षांनी तो तपासून बदलायचा असतो. पण बहुतेक घरांत असा काही दांडा आहे हेच कुणाला माहीत नसतं.

जळगावला आजोळी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत लाकडं, भोवती पाणी, वरचं तोंड उघडं. तोंड उघडं असल्यामुळे दाब साचायचा प्रश्नच नव्हता. गळला तर सांध्यावर गळायचा, आणि कुठे झिजलाय ते अंगणात बसलेल्या सगळ्यांना दिसायचं. तांबटाकडे नेला, डाग दिला, परत आणला. गीझरची सोय मोठी आहे, मी काही बंबाकडे परत जा म्हणत नाही. पण गीझरमध्ये जे झिजतं ते कुणाला दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

मला अडतंय ते ‘सॅक्रिफिशियल’ या शब्दाशी. दांड्याने कसला त्याग केला? त्याला तिथे बसवलं होतं.

गेल्या पावसाळ्यात आईला चक्कर आली. तपासणीत हिमोग्लोबिन सात निघालं. भेटायला आलेले नातेवाईक चहा घेता घेता म्हणाले, “फार झिजली हो घरासाठी, अगदी चंदनासारखी.” त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं. पण त्या वाक्यात कौतुक होतं आणि चौकशी नव्हती. कशाने झिजली, किती वर्षं झिजत होती, तिच्या वाट्याचं काम दुसरं कोण करू शकलं असतं, हे कुणी विचारलं नाही. मला वाटतं, आपण झिजेला त्याग म्हणतो त्याचं एक कारण हेच आहे. झीज म्हटलं की तपासावी लागते आणि भरून काढावी लागते. त्याग म्हटलं की नमस्कार केला तरी भागतं.

त्यागाचा विचार आमच्या गावाला नवा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, एकूण अठरा, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. शेवटच्या प्रवचनाचा विषय फलत्याग. ज्या अठराव्या अध्यायावर ते आहे, त्याची सुरुवातच अर्जुनाच्या प्रश्नाने होते: संन्यास आणि त्याग यांत फरक काय? उत्तरात त्यागाचे तीन प्रकार येतात, सात्त्विक, राजस आणि तामस. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. सोडणारा आणि ठरवणारा एकच असतो. दुसऱ्याच्या वतीने केलेला त्याग हा चौथा प्रकार तिथे नाही.

पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्या पुस्तकातून आपण आईचे कष्ट लक्षात ठेवले. पण ती आई श्यामला पोहायला शिकण्यासाठी विहिरीवर धाडते, घरातल्या कामांना लावते. मुलाला नुसतं जपून ठेवणारी आई ती नाही.

जपून ठेवण्याचाही तोटा असतो. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांसाठी हाच उपाय सुचवला होता. जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा असायचा, तो खाऱ्या पाण्यात झिजायचा. डेव्हीने त्याला लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पण वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि शिंपले चढले आणि जहाजं मंदावली. तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच तर तळ स्वच्छ राहत होता. ज्या घरात एकच माणूस सगळ्यांच्या वाट्याचं झिजतं, त्या घरातली बाकीची माणसं मला या जहाजांसारखी दिसतात. चाळिशीतही त्यांना स्वतःचा चहा करता येत नाही.

ही सगळी थिअरी मी आईला ऐकवली. ती चिडली.

“मी काय तुझ्या गीझरचा दांडा आहे? मला आवडतं म्हणून करते मी.”

तिचं बरोबर होतं. कुणाच्या प्रेमाला परस्पर ‘झीज’ ठरवणं हाही उद्धटपणाच. दांड्याला विचारता येत नाही, माणसाला येतं, हा फरक माझ्या थिअरीत राहून जात होता. म्हणून तिला विचारलं, की उद्यापासून एक काम सोडायचं म्हटलं तर कुठलं सोडशील? तिला विचारही करावा लागला नाही. “पहाटेचं पाणी.” आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी चारला उठून भरावं लागतं. गुडघे दुखत असतानाही ते तीच भरत होती, आणि भरताना कुरकुरत होती. ती कुरकुर म्हणजे व्हॉल्व्हचं पाणी होतं. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो तेव्हा बूच शोधू नये, दाब कशाचा आहे ते बघावं. “पण बिबड्यांना कुणी हात लावायचा नाही,” तिने लगेच बजावलं. उन्हाळ्यात गच्चीवर दिवसभर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालणं जास्त कष्टाचं आहे, पण ते तिला सोडायचं नाही. कष्ट मोजून त्याग आणि झीज वेगळी करता येत नाहीत. ज्याचं त्याला विचारावं लागतं, आणि उत्तर ‘सोडते’ असं आलं तर ते काम उचलायला घरात कुणीतरी लागतं. आता पाणी पप्पा भरतात. पहिल्या आठवड्यात मोटर दोनदा चालू राहिली आणि गच्चीवरून पाणी वाहिलं. आईने ते बघितलं, पण ती उठली नाही.

सध्या माझ्यासाठी स्थळं येतात. जळगावची, नाशिकची, पुण्याची. बोलणी चांगली चाललेली असतात आणि कुणीतरी हळूच विचारतं, “मुलगी ॲडजस्ट करणारी आहे ना?” मला ॲडजस्ट करायला हरकत नाही, प्रत्येक घरात सगळ्यांनाच ते करावं लागतं. म्हणून मी तीन गोष्टी विचारते. कशाकशात ॲडजस्ट करायचं, किती दिवस, आणि माझ्याबरोबर आणखी कोण करणार आहे. एका घरून यावर काहीच उत्तर आलं नाही. एका मुलाने मात्र दोन दिवस मागून घेतले. त्याच्या फोनची मी वाट बघतेय.