अनमखारा : जिवाचा सोबती

माणसांप्रमाणे शब्दांचीही घराणी असतात. प्राचीन आयरिश भाषेत ‘अनमखारा’ असे एक नाम आहे. ‘अनम्’ म्हणजे जीव आणि ‘कारा’ म्हणजे मित्र. समासात ‘का’चा उच्चार ‘खा’कडे झुकतो. लॅटिनमधील ‘आनिमा’ हा शब्द ‘अनम्’चा जवळचा नातलग. श्वास घेणे या अर्थाचा संस्कृत ‘अन्’ धातूही त्याच कुळातला. ‘प्राण’ आणि ‘अनिल’ हे आपले शब्द त्याच्यापासूनच झाले. ‘कारा’ हे नाम प्रेम करणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले आहे. म्हणजे आपला ‘प्राणसखा’ आणि त्या दूरच्या बेटावरचा ‘अनमखारा’ एकाच अर्थाचे. साध्या बोलीत आपण त्याला जिवलग म्हणतो.

आयर्लंडच्या ख्रिस्ती मठांनी मात्र या शब्दावर एक विशेष जबाबदारी सोपवली. आरंभीच्या शतकांत गंभीर पापाचे प्रायश्चित्त जाहीरपणे आणि सामान्यतः आयुष्यात एकदाच घेता येत असे. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी मात्र आपल्या मनातले विचार वडीलधाऱ्या साधूपुढे वरचेवर उघड करीत. जॉन कॅसियन यांच्या ग्रंथांतून ही रीत पश्चिमेकडे आली आणि आयरिश मठांत रुजली. ज्याच्यापुढे अंतःकरण मोकळे करायचे, तो अनमखारा. 615 साली इटलीतील बोबियो येथे देह ठेवणारे संत कोलंबान आणि त्यांच्यासारखे इतर आयरिश मठवासी यांनी खाजगी व पुनःपुन्हा करता येणारे पापनिवेदन युरोपात नेले. पुढे 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे बंधनकारक केले. आपल्या आजच्या प्रायश्चित्त संस्काराच्या मुळाशी असा एक मैत्रीचा शब्द आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पापाचा निवाडा करणारा मित्र कसा असू शकेल? आयरिश मठांचे प्रायश्चित्तनियम कठोर होते; केवळ भाकरी आणि पाण्यावर दीर्घ उपवास त्यांत सांगितलेले आढळतात. तरीही ते लिहिणारे स्वतःला वैद्य समजत. नुसते गोंजारणारा मित्र दुखणे वाढू देतो, तर नुसता न्याय करणारा रोग्याला पळवून लावतो. ज्याचे प्रेम आपण गमावणार नाही अशी खात्री असते, त्याच्यापुढेच मनुष्य सत्य उच्चारू शकतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, याचे मर्म इथे उमगते.

हे नाते ओळखण्यासाठी आपल्याला आयर्लंडला जावे लागत नाही. संत चोखामेळा यांचे जन्मस्थान परंपरेने आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा मानले जाते. मंदिराचा उंबरठा ज्यांना बंद होता, त्या चोखोबांना संत नामदेवांनी शिष्य म्हणून आपलेसे केले. 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा दगावले, तेव्हा नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी ओळखून पंढरपुरी आणल्या, असे परंपरा सांगते. जगाने दूर लोटलेल्याला मरणानंतरही ओळखणे, हे जिवलगाचे लक्षण होय.

आज अशा सोबत्याची आपल्याला किती गरज आहे! 2006 साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली. त्यांत बुलढाणाही होता. अशी मदत व्याज माफ करू शकते, परंतु मनावरचे लाजेचे ओझे तिने उतरत नाही. कापूस बुडाला की कर्जाचा आकडा सावकाराला ठाऊक असतो, पण त्यामागची भीती घरच्या माणसालाही ठाऊक नसते. तो माणूस गप्प होतो आणि आपण ती त्याची सहनशीलता समजतो.

पापक्षमेचे वचन उच्चारण्याचा अधिकार धर्मगुरूंकडे आहे. परंतु ऐकण्याची दीक्षा बाप्तिस्म्याबरोबर प्रत्येकालाच मिळाली आहे. शेजाऱ्याचे गुपित ओसरीबाहेर जाऊ न देणे, त्याच्या अडचणीचा न्याय करण्याची घाई न करणे, आणि वेळ येईल तेव्हा कडू सत्यही मायेने सांगणे, एवढे व्रत आपल्या प्रत्येक घराने घ्यावे. आपल्या वस्तीत गप्प झालेला कोण आहे, हे आधी पाहावे आणि त्याच्या दारी जावे.