सातांनी भागता उरणारा एक दिवस

शास्त्रपाठ : अनुवाद ५:१२-१५, उत्पत्ती १:१४ व २:१-३



सन २०१५ चे कॅलेंडर कोणाच्या माळ्यावर जपून ठेवलेले असेल, तर ते सन २०२६ मध्ये खुशाल भिंतीवर टांगावे. दोन्ही वर्षी १ जानेवारी गुरुवारी, नाताळ शुक्रवारी, आणि पुनरुत्थानाचा सणही ५ एप्रिललाच. हेच कॅलेंडर २०३७ साली पुन्हा लागू पडते आणि त्या वर्षीचा ईस्टरही ५ एप्रिलचाच आहे. अर्थात ईस्टर चंद्रावरून ठरतो, म्हणून ही जुळणी नेहमी होतेच असे नाही. २००९ चे कॅलेंडरही हेच होते, पण त्या साली ईस्टर १२ एप्रिलला आला.

असे का होते हे शब्बाथ शाळेतील मुलांना फळ्यावर पाच मिनिटांत दाखविता येईल. ३६५ ला ७ ने भागा. बावन्न आठवडे होतात आणि एक दिवस उरतो. त्या उरलेल्या एका दिवसामुळे साध्या वर्षाचा पहिला व शेवटचा दिवस एकाच वाराचा असतो आणि पुढील वर्षी प्रत्येक तारीख एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आली की दोन वार. म्हणून साध्या वर्षाचे कॅलेंडर कधी सहा वर्षांनी, कधी अकरा वर्षांनी परत येते. लीप वर्षाला मात्र अठ्ठावीस वर्षे वाट पाहावी लागते. २००० चे कॅलेंडर आता २०२८ साली कामी येईल. शतकाच्या वर्षी हा हिशेब थोडा चुकतो, कारण २१०० साल लीप नाही. पण पूर्ण चारशे वर्षे घेतली तर १,४६,०९७ दिवस होतात, म्हणजे नेमके २०,८७१ आठवडे, बाकी शून्य. शिक्षकांसाठी आणखी एक गंमत : कोणत्याही वर्षी ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर या तारखा एकाच वारी येतात. मुलांना हे स्वतः पडताळून पाहू द्यावे.

हे फिरणारे चक्र पाहून उपदेशकाच्या पुस्तकाचा लेखक थकला होता. सूर्य उगवतो, मावळतो, वारा फिरून फिरून आपल्या जागी येतो. सगळेच पुन्हा पुन्हा, मग नवे ते काय, असे तो विचारतो. आपल्यापैकी पुष्कळांना हा प्रश्न ठाऊक आहे. ज्या घरातून २०१५ साली कोणी प्रभूकडे गेले, त्या घरात २०२६ साली तीच तारीख त्याच वारी येते. मधल्या बहुतेक वर्षी तारीख आली की वार वेगळा असे, वार आला की तारीख वेगळी. या वर्षी दोन्ही एकदम दारात उभी राहतात. अशा बहिणीला "काळ हे औषध आहे" एवढे सांगून परत येणे पुरेसे नाही. यिर्मयाचे विलापगीत उघडावे. जळालेल्या नगरात बसून रडणारा मनुष्यच तेथे सांगतो की, देवाची दया रोज सकाळी नवी असते. दिवस जुना आहे, रडणे जुने आहे. नवी आहे ती दया.

आता या चक्रातील एका विलक्षण गोष्टीकडे वळू. दिवस होतो तो पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. महिना चंद्राने दिला, वर्ष सूर्याने. पण आठवडा कोणी दिला? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील चौदावे वचन लक्षपूर्वक वाचा. आकाशातील ज्योती ऋतू, दिवस व वर्षे दाखविण्यासाठी आहेत असे तेथे म्हटले आहे. त्या यादीत आठवडा नाही! तो पुढच्या अध्यायात येतो, आणि देवाच्या विसाव्यातून येतो. आकाशाकडे पाहून आज सोमवार की मंगळवार हे कोणालाही सांगता येणार नाही. कालचा वार कोणी तरी लक्षात ठेवला, म्हणून आजचा वार आपल्याला कळतो.

आणि माणसांनी तो किती चिकाटीने लक्षात ठेवला आहे! १५८२ साली रोमच्या पोपने कॅलेंडर सुधारले तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. दहा तारखा गळाल्या, पण गुरुवारनंतर शुक्रवारच आला. इंग्लंडने हीच सुधारणा १७५२ साली केली. तेथे २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर १४ सप्टेंबरचा गुरुवार उजाडला. तारखा तुटल्या, वारांची साखळी तुटली नाही. फ्रान्समधील क्रांतिकारकांनी १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा काढला. १८०६ च्या आरंभी त्यांचे कॅलेंडरच रद्द झाले. रशियात १९२९ पासून पाच, मग सहा दिवसांचे आठवडे चालवून पाहिले. १९४० मध्ये सात दिवसांवर परत यावे लागले.

आपल्या देशाचाही या बाबतीत एक प्रयत्न आहे. थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. २२ मार्च १९५७ पासून चालू झालेले आपले राष्ट्रीय कॅलेंडर याच समितीच्या कामाचे फळ. त्याच काळात भारत सरकारने संयुक्त राष्ट्रसंघापुढे एक 'जागतिक कॅलेंडर' ठेवले आणि १९५४ साली साहा जिनिव्हाला जाऊन त्याच्या बाजूने बोलले. त्या योजनेत प्रत्येक वर्षी प्रत्येक तारीख ठरलेल्या वारीच येणार होती. त्यासाठी उरणारा तो एक दिवस कोणत्याही वारात न धरता बाहेर ठेवायचा, म्हणजे हिशेब सोपा! साहांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. परंतु यहूदी व ख्रिस्ती लोकांनी हरकत घेतली. एक दिवस मोजायचा सोडला की त्यानंतरचा शब्बाथ सातवा दिवस राहणार नाही. १९५६ मध्ये ती योजना बाजूला पडली. तो उरलेला एक दिवस हिशेबनीसाला अडचणीचा वाटतो. पण त्याच्यामुळेच प्रभूचा दिवस वर्षांमागून वर्षे सरकत प्रत्येक तारखेवर येतो.

साखळी राखणाऱ्यांचे उत्तम उदाहरण मराठी मुलखातच आहे. कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत. त्यांच्या परंपरेनुसार ते फार प्राचीन काळी गलबत फुटून किनाऱ्याला लागले आणि त्यांची शास्त्राची पुस्तकेही गेली. भाषा मराठी झाली, पेहराव येथला झाला. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. पुढे बाहेरच्या यहूद्यांशी त्यांची गाठ पडली तेव्हा दोघांचा शनिवार एकच निघाला. जवळ पुस्तक नाही, धर्मगुरू नाही. तरी बापाने मुलाला सांगितले की आज बैल सोडायचा नाही, आणि मुलाने ते नातवाला सांगितले.

शनिवार की रविवार हा वाद मी येथे उकरणार नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रभू उठला म्हणून आपण रविवारी जमतो. आपल्याला विचारायचे आहे ते निराळेच. हा दिवस कोणासाठी दिला? निर्गमात आज्ञेचे कारण सृष्टीची उत्पत्ती हे आहे. अनुवादात मात्र मोशे दुसरे कारण देतो : तू मिसरात गुलाम होतास. म्हणून तुझा दास व तुझी दासी यांनी तुझ्यासारखाच विसावा घ्यावा. बैल व गाढवसुद्धा त्या यादीत आहेत.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी कशी मिळाली हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. इंग्रज साहेब चर्चला जात म्हणून ती आपोआप मिळाली, असे नव्हे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागितली, सभा भरविल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंडे यांनी मालकांना सांगितले असे म्हणतात. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. तरी अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील काम त्यांच्या हातून झाले, आणि रविवारी देवळात जाणाऱ्या साहेबांना ते आधी सुचले नव्हते, हे आपण विसरू नये.

आता आपल्या दाराशी येऊ. आमच्या देशपांडे नगरात रविवारी सकाळी उपासनेला निघावे, तर रस्त्यात धुणेभांडी करणाऱ्या बाया एका घरातून दुसऱ्या घरात जाताना दिसतात. त्यांतील काही घरे मंडळीतील आहेत. आपण गीत गातो तेव्हा आपल्या मोरीत कोणी तरी भांडी घासत असते. त्या बाईच्या कॅलेंडरात सातांनी भागून काहीच उरत नाही. तिचा सातवा दिवस सहाव्यासारखाच असतो. आणि ज्या घरात बाई नाही, त्या घरची आई उपासनेहून येऊन लुगड्याचा पदर खोचते आणि पाहुण्यांसह दहा पानांचे मटण रांधते. तिलाही त्या आज्ञेत धरावे.

इस्पितळातील परिचारिका, रेल्वेतील भाऊ यांना रविवारी कामावर जावे लागते. त्यांना दोष देऊ नये. आठवड्यातील दुसरा एखादा दिवस त्यांना मिळावा आणि त्या दिवशी मंडळीने त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करावी. पण घरची धुणीभांडी हे इस्पितळ नव्हे. रानात मान्ना पडत असे तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती, म्हणजे आदल्या दिवशीची तयारी देवाने स्वतः शिकविली आहे. तसेच आपणही करावे. शनिवारी संध्याकाळी भाजी निवडून, पीठ मळून ठेवावे. रविवारचे जेवण साधे असावे, आणि भांडी मुलग्यांनी घासावीत. बाईंना शनिवारी जातानाच सांगावे की उद्या येऊ नका, आणि महिनाअखेर त्या चार-पाच रविवारांचे पैसे कापू नयेत.