सगळ्यांशी गुंतलेला कण

प्रवचनांत आणि व्हॉट्सॲपवर हल्ली क्वांटम भौतिकी फार येते. दोन कण कितीही दूर नेले तरी त्यांचा संबंध तुटत नाही, म्हणजे सारे विश्व एकमेकांत गुंतलेले, म्हणजे अद्वैत प्रयोगशाळेत सिद्ध झाले! तीन उड्यांत निरूपण आटोपते. पहिली उडी बरीचशी खरी, म्हणून पुढच्या दोन खपून जातात.

१९७२ मध्ये बर्कलीत स्टुअर्ट फ्रीडमन आणि जॉन क्लाउझर यांनी कॅल्शियमच्या अणूंतून जोडीने निघणारे प्रकाशकण पकडले. दोन्ही बाजूंना ध्रुवक. कण आरपार जातो, नाहीतर अडतो. एकाच बाजूच्या नोंदी पाहाव्यात तर शुद्ध छापा-काटा. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी मांडल्या की मगच मेळ दिसतो. त्यामुळे या वाटेने निरोप धाडता येत नाही. परदेशी लेकाला ठेच लागली की इथे आईच्या काळजात चर्र होते, त्याचा खुलासा इथे मिळायचा नाही.

मेळ काय, मोज्यांतही असतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांचे सहकारी राइनहोल्ड बर्टलमन दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालत; एक गुलाबी दिसला की दुसरा गुलाबी नाही, हे न बघता कळे. बेल यांनी १९८१ मध्ये त्यावर लेखच लिहिला. त्यांचे गणित १९६४ चे: उत्तरे मोज्यांसारखी आधीच ठरलेली असतील आणि एका टोकाचा परिणाम दुसऱ्यावर होत नसेल, तर मेळाला मर्यादा पडते. त्या गणिताच्या पुढे रूढ झालेल्या मांडणीत ती २ आहे. क्वांटम सिद्धान्त २.८३ पर्यंत जाऊ देतो, आणि निसर्ग २ ओलांडतो.

भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर वेदान्ताचे भोक्ते. पण या गुंत्याला १९३५ मध्ये नाव देताना त्यांनी वेदान्ताची साक्ष काढली नाही. मला ते शहाणपणाचे वाटते. अद्वैताला कॅल्शियमचा टेकू दिला, तर उद्या भौतिकी बदलल्यावर काय करणार?

शिवाय गणित भलतेच सांगते. दोन कण पूर्णपणे गुंतले की तिसऱ्याला तिथे जागाच उरत नाही. थोडेथोडे मात्र सगळ्यांशी गुंतता येते, किंबहुना तेच सतत चालू असते. हवेचा रेणू आदळला की कण त्याच्यात गुंततो आणि मूळ जोडीदाराशी असलेला मेळ तेवढा विरतो. दगडात, टेबलात, माणसात क्वांटमचा मागमूस दिसत नाही, तो या सर्वदूर गुंत्यामुळेच. अनेक क्वांटम संगणकवाले आपली चिप केवल शून्याच्या अगदी लगत गोठवून ठेवतात, ती बाकीच्या जगाशी जोडली जाऊ नये म्हणून.