बार्तीमयाला प्रभूने काय विचारले?

(मार्क १०:४६-५२)



यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या बार्तीमयाची गोष्ट आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्याने प्रभूला हाक मारली, तेव्हा पुष्कळांनी त्याला दटावले. प्रभू मात्र थांबला, त्याने त्याला बोलाविले व त्याची इच्छा काय आहे हे त्यालाच विचारले. आंधळ्याला काय हवे असणार, हे विचारावयाचे तरी कशाला, असे आपणांस वाटेल. तथापि प्रभूने विचारले. आपण मात्र विचारीत नाही.

हा दोष आमच्या ठायीही होता. आमच्या मंडळीतील एका वृद्ध भगिनीची दृष्टी काचबिंदूने गेली. आम्ही समाचारास गेलो आणि त्यांच्या खाटेपाशी उभे राहून त्यांच्या मुलास विचारू लागलो, "आजी जेवतात का? झोप लागते का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझे डोळे गेले, कान शाबूत आहेत. मलाच विचारा की!"

आम्ही लज्जित होऊन त्यांच्याजवळ बसलो. नातवंडांची तोंडे दिसत नाहीत हे दुःख होतेच. पण भाजेल म्हणून सुनेने मायेपोटी काठवट त्यांच्यापुढून उचलली होती, आणि वाट खडबडीत म्हणून रविवारी त्यांना घरीच ठेवीत. त्या म्हणाल्या, "भाकरी हातांनी थापतात, डोळ्यांनी नव्हे. एवढे तरी मला राहू द्या." आता त्या भाकरी थापतात व सून ती तव्यावर टाकते. रविवारी शेजारचा मुलगा त्यांना उपासनेस घेऊन येतो.

दृष्टी जाते तेव्हा केवळ उजेड जात नाही. एकट्याने फिरण्याची मोकळीक जाते, नोट कितीची हे ओळखण्याचा भरवसा जातो, हातचे काम जाते, चारचौघांत बसणे-उठणे सुटते. पडण्याचे भय वाढते व मन खचते. यांपैकी उजेड रोगाने नेला. बाकीचे पुष्कळ आपण नेतो, आणि ते परत देणे आपल्या हाती आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. ज्यांच्या वाट्याला भीकच येणार असे लोक मानीत, त्यांना त्यांनी शिकण्यास बसविले.

दुसरी गोष्ट. आपल्या देशात पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हे आहे, आणि ते दूर होऊ शकते. डोळ्यांतील गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याचे आता कारण नाही. सरकारचा अंधत्वनिवारणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे व जिल्हा रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. असे असता, "आता वय झाले, पाहून काय करायचे?" असे म्हणून म्हातारीला अंधारात बसविणे हे ख्रिस्ती प्रीतीला शोभत नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. वेळीच उपचार केल्यास उरलेली राखता येते. म्हणून ज्यांच्या घरात तो आहे त्यांनी चाळिशीनंतर डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असलेल्यांनी तर दर वर्षी.

कोणाच्या पापामुळे हे झाले, अशी चर्चा कोणी करू नये. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने त्याला किंवा त्याच्या आईबापांना दोष दिला नाही.

उपदेशक बंधूंनो, या आठवड्यात आपल्या गावातील अशा प्रत्येक घरी जा. घरच्यांशी नव्हे, प्रथम त्या व्यक्तीशी बोला. तिला काय हवे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. ज्या गर्दीने बार्तीमयाला दटावले, त्याच गर्दीतून पुढे त्याला धीर देणारे शब्द निघाले. तसा पालट प्रभू आपल्या मंडळ्यांतही घडवून आणो. आमेन.