गळा माझा, सही माझी

दोस्तहो, गाठ सापडली ती दाढी करताना. थुंकी गिळली की कंठाच्या उजव्या अंगाला लिंबाएवढं काहीतरी वरखाली व्हायचं. दुखत नव्हतं, म्हणून चार महिने तसेच काढले. सूतगिरणीच्या रिंग खात्यातल्या डॉफरला आजारी पडायला सवड नसते.

आई म्हणाली, "बाळा, एकदा भगताला दाखव." मी म्हणालो, "आई, बावीस प्रतिज्ञा भिंतीला कशाला लावल्यात?" ती गप्प झाली. मला जिंकल्यासारखं वाटलं. पण भगताला नकार देणं सोपं आहे. डॉक्टरपुढं आपण काय करतो? तिथंही हात जोडूनच उभे राहतो ना?

सोनोग्राफी झाली. थायरॉईडच्या उजव्या भागात दोन गाठी. मोठीत सुई घालून पेशी काढल्या. रिपोर्ट आला : बेथेस्डा चार. या पद्धतीत सहा गट असतात. दुसरा म्हंजे साधी गाठ, सहावा म्हंजे कॅन्सर. मी मधेच लोंबकळत.

पहिला सर्जन वर न बघताच म्हणाला, "सगळी ग्रंथी काढू. इथं सही कर." कागद इंग्रजीत. मी म्हणालो, "वाचून सांगा." तो म्हणाला, "तुला काय कळणार त्यातलं?"

माझ्या आज्याला सावकारानं हेच वाक्य ऐकवलं होतं. आज्यानं अंगठा उठवला आणि दीड एकर गेलं. मी कागद टेबलावर ठेवून बाहेर आलो.

रात्री वस्तीतला एक कार्यकर्ता मित्र चिडला. म्हणाला, "बुद्धानं काय सांगितलंय? विषारी बाण लागलेला माणूस प्रश्न विचारत बसला तर मरंल. आधी बाण काढ." मी रात्रपाळीभर त्यावर विचार केला. मज्झिम निकायातला तो माणूस विचारतो काय? बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र? धनुष्य कसलं? बाण किती खोल गेलाय, उपटताना काय तुटंल, हे तो विचारतच नाही. बुद्धानं निरुपयोगी प्रश्न नाकारला. प्रश्न विचारणं नाकारलं नाही. कालामांना तर त्यानं सांगितलं, हा श्रमण आपला गुरू आहे एवढ्यावरही मानू नका.

मग दुसऱ्या इस्पितळात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी खुर्ची दिली आणि कागदावर गळ्याचं चित्र काढलं. म्हणाल्या, "सुईत नुसत्या पेशी येतात. त्या गाठीचं कवच फोडून बाहेर पडल्यात का, हे अख्खी गाठ काढून तपासल्याशिवाय कळत नाही. अशा शंभर गाठींत साधारण तीस कॅन्सरच्या निघतात. तुमची कुठली, मला माहीत नाही."

मला माहीत नाही! दोस्तहो, हे वाक्य मी कुठल्या भगताच्या, भटाच्या, मालकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ज्याला सगळं माहीत असतं त्याला तुमचा गुडघा टेकलेला हवा असतो. ज्याला आपल्या ज्ञानाची हद्द ठाऊक आहे, त्याच्यावरच विवेकानं विश्वास ठेवता येतो. श्रद्धा आणि विश्वास यांत मला कळलेला फरक एवढाच.

मी विचारत गेलो, बाई सांगत गेल्या. आवाजाची नस गाठीला लागूनच जाते, दुखावली तर आवाज बसतो. सगळी ग्रंथी काढली तर जन्मभर रोज गोळी, शिवाय शेजारच्या चार छोट्या ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम घसरतं. म्हणून आधी उजवा भागच काढायचा. कॅन्सर निघाला तर कदाचित पुन्हा टेबलावर.

आणि खरं सांगतो, त्या रात्री मला कळलं, माझ्या प्रश्नांच्या आड भीतीही लपली होती. आवाजाची भीती. साच्यांच्या खडखडाटात ओरडणारा, चौदा एप्रिलला कविता म्हणणारा हा आवाज. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसांच्या गळ्यात थुंकायला मडकं होतं, असं बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं. त्या गळ्यातून हा आवाज निघालाय. तो जाईल म्हणून पाय मागं येत होता. उत्तरं मिळाल्यावरही विचारत राहणं हा विवेक नव्हे, पळवाट आहे.

बाईंनी संमतीपत्र ओळीनं मराठीत वाचून दाखवलं. मग मी सही केली. आज्याचा अंगठा आठवत, पूर्ण नावानं.

येत्या सोमवारी भरती होतोय. रिपोर्ट येईल तो येईल. आवाज राहिला तर पुढची कविता मीच म्हणीन. बसला तर तुमच्यापैकी कुणीतरी म्हणा. लिहायला हात आहेत.

जयभीम.