मातीचे देणे

पुण्याच्या मार्केट यार्डात पहाटे मेथी, कोबी, कांदा उतरतो, तेव्हा त्याच्याबरोबर शेताचा कसही शहरात येतो. भाजीचे पैसे आपण घासाघीस करून का होईना, मोजतो. मातीतून गेलेल्या नत्र-पालाशाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. उलट देठ, साली, उरलेला भात पिशवीत गाठ मारून पुण्याने वर्षानुवर्षे उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांतल्या कचरा डेपोवर पाठवला. हवेविना कुजणाऱ्या ढिगातून मिथेन निघतो, काळे पाणी जमिनीत झिरपते. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की शहरात ‘कचराकोंडी’ची बातमी होते; पण गावाची कोंडी त्याआधीच झालेली असते.

ओल्या कचऱ्याचे खत करणे म्हणजे या देण्याची परतफेड. त्यात अवघड विज्ञान नाही. ओल्यात सुका पालापाचोळा घाला, ओल राखा, ढीग अधूनमधून खालीवर करा. जिवाणू काही दिवसांतच त्याला हात पोळेल इतके तापवतात. अडते ते त्याच्या कितीतरी आधी, ओट्यापाशी. दुधाच्या पिशवीचा कापलेला इवलासा कोपरा सालींत पडला, तर तो चाळणीतूनही निसटतो आणि खतातून थेट वाफ्यात जातो. कोट्यवधींचे यंत्र जे करू शकत नाही, ते गृहिणी, मोलकरीण किंवा हॉटेलातला पोऱ्या क्षणात करू शकतो. त्यांनी केले नाही, तर ते कचरावेचक बाईच्या हातांवर येते.

2016च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण सक्तीचे केले, मोठ्या सोसायट्या-हॉटेलांवर ओला कचरा जागेवरच जिरवण्याची जबाबदारी टाकली. पालिका मिळकतकरात सवलत देते. तरी सवलतीपुरते बांधलेले गांडूळखताचे हौद कुठेकुठे कोरडे दिसतातच, कारण तपासला जातो तो हौद, खत नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोने 2009 मध्ये ओला कचरा वेगळा देणे कायद्याने बंधनकारक केले. तिथले खत आसपासच्या शेतांत, द्राक्षमळ्यांत जाते. म्हणजे शहराच्या शिस्तीची परीक्षा शेवटी मळेवाला घेतो.

आपल्याकडेही मोजपट्टी तीच हवी. किती टन कचऱ्यावर ‘प्रक्रिया’ झाली, हा आकडा अहवालाला शोभतो. शेतकरी ते खत पदरचे पैसे मोजून नेतो का, हा खरा प्रश्न. तो फुकटही नको म्हणत असेल, तर आपण देणे फेडलेले नाही; कचऱ्याचे फक्त नाव बदलले आहे.