गाव किती दिवस निभावेल?

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्याच्या बळाचा हिशोब मांडताना आपण कोराडी आणि पेनटाकळी धरणांतला साठा सांगतो, समृद्धी महामार्गाचं नाव घेतो आणि सोयाबीनच्या पेऱ्याशी थांबतो. मला हा हिशोब अपुरा वाटतो. पैनगंगेला पूर आला, पूल बुडाले, लाईन गेली आणि आठ-दहा दिवस बाजार गाठता आला नाही, तर गाव कशावर निभावेल हे त्यातून कळत नाही.

ज्वारीचा पेरा होता तेव्हा एकाच पिकातून माणसाची भाकर आणि बैलाचा कडबा निघायचा. सोयाबीनच्या पैशावर पोरांची शिक्षणं झाली, हे खरंच आहे. पण घरात वीस पोती सोयाबीन असलं तरी ते आधी विकावं लागतं, मग पीठ येतं. रेशनचा आधार मोठा, तरी तो मालही त्याच रस्त्यानं येतो. निदान अर्धा एकर ज्वारी घरच्यासाठी पेरणं मला आजही शहाणपणाचं वाटतं.

बियाण्याचंही तसंच. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्यांच्या अंगावर पडला. खरं तर सोयाबीनचं घरचं बियाणं चालतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सत्तर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. साल नाजूक असल्यानं पोतं आपटलं तरी उगवण घटते, म्हणून हाताळणी जपून करायची. हे ज्या घरांना नीट जमतं त्यांची नावं गावाच्या आपत्ती आराखड्यात हवीत.

पाण्याची गोष्ट अधिक अवघड. खाली काळा पाषाण. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि फटींत. म्हणून पावसाळ्यात नाले फुटणारं गावच उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतं. तलाव-नाल्यांतला गाळ-मुरूम महामार्गाच्या भरावाला देऊन ते खोल करण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’ याच जिल्ह्यानं दाखवला. पण साठलेलं पाणी वर काढायला वीज लागते, आणि रहाट तर गेलेच. चालू असलेला एक हातपंप अशा वेळी सगळ्या नळयोजनेहून मोलाचा ठरतो.

माणसं जमवण्याचं बळ मात्र इथे आहे. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखाच्या वर माणसं पंगतीला बसतात. ट्रॅक्टर ओळींमधून फिरतात, पुरी आणि वांग्याची भाजी थोड्या वेळात सगळ्यांच्या पानात पडते. आसपासच्या गावांचे स्वयंसेवक हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. पुरात अडकलेल्या वस्तीला जेवण पोचवायला यापेक्षा वेगळी तयारी कोणती लागते? त्या ट्रॅक्टरवाल्यांची आणि स्वयंपाक्यांची यादी तहसीलमध्ये असावी, एवढंच.

मोजणी कुठून सुरू करायची, हेही ठरवायला हवं. बागायतदाराच्या घरात दोन महिन्यांचं धान्य सहज निघेल आणि सरासरीत गाव भरल्यासारखं दिसेल. ज्याला शेत नाही, ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याच्या डब्यात चार दिवसांचं पीठही नसतं. गाव किती दिवस निभावेल याचा आकडा त्याच्या घरातूनच घ्यावा लागेल.